मधले तीस सेकंद

परवा वाळूजला चालले होते, तर रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या. दुपारच्या पाळीच्या बसगाड्या कंपन्यांकडं निघालेल्या, त्यांच्या मागं कामगारांच्या मोटारसायकली, आणि या सगळ्यांना थांबवून तो काळा-करडा लोंढा सावकाश पलीकडं सरकत होता. पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडाला पायानं बांधलेल्या कोंबड्या. मागं काष्टा खोचलेली बाई, तिच्या कडेवर कोकरू. हॉर्न वाजत होते. शेजारच्या गाडीवरच्या माणसानं हेल्मेटची काच वर करून एक शिवी घातली आणि खिशातून फोन काढून शूटिंग सुरू केलं. मी स्कूटी बंद केली आणि मान खाली घातली. ओशट लोकरीचा वास नाकात शिरत होता, डांबरावर खुरांची टपटप ऐकू येत होती. पण वर बघायचं धाडस झालं नाही. वर बघितलं आणि त्यातलं कुणी ओळखीचं निघालं तर?

दर वर्षी चैत्र सरत आला की असं होतं. लिंबाचा मोहोर गळून अंगणात पिवळट चुरा पडतो, कूलरमध्ये नवा वाळा भरला जातो, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागतो. लोकांना हा ऋतू आंब्यांनी आठवतो, मुलांच्या सुट्ट्यांनी आठवतो. मला तो एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यानं आठवतो. त्याचं नाव दगडूबा. मी त्याला पाहिलं नव्हतं, भेटले नव्हते, एक शब्द बोलले नव्हते, तेव्हा मी त्याच्याबद्दल बातमी लिहिली होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे, आणि ते शहर चारी बाजूंनी पसरत होतं. बजाजनगरच्या पुढं जिथवर नजर जाईल तिथवर जमिनीवर चुन्याच्या रेषा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर फलक लावलेले, फलकावर कारंजं आणि हिरवळ. शेतात पेरायला पाणी नव्हतं म्हणून शेताचे प्लॉट होत होते, आणि प्लॉटवर घर झालं की त्या घरालाही पाणी नव्हतं. कंपनीत नोकरी करणारी माणसं आयुष्यभराची जमा घालून दोन खोल्या बांधत, आणि राहायला गेल्यावर पहिली वस्तू आणत ती म्हणजे निळा ड्रम. दारोदारी ते ड्रम उभे असत. लांबून बघितलं तर वाटायचं, वस्तीतली माणसं कामाला गेलीत आणि आपापल्या जागी ड्रमांना उभं करून गेलीत.

मी तेव्हा एका स्थानिक वर्तमानपत्राच्या वेब डेस्कवर होते. डेस्क नवा होता. दुसऱ्या मजल्यावर काचेची एक खोली, चार संगणक आणि भिंतीवर एक मोठा पडदा. कुठली बातमी या क्षणी किती लोक वाचताहेत, ते त्या पडद्यावर दिसत असे. आकडा वाढायला लागला की हिरवा व्हायचा. आम्ही चौघं दिवसभर त्या हिरव्या रंगाकडं बघत काम करायचो. आमचे वेब-संपादक दर तासाला खोलीत डोकवायचे. "काय चाललंय? सगळं थंड दिसतंय आज," म्हणायचे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन असायचं आणि आमच्याकडं थंड असणं हा गुन्हा होता.

एका दुपारी एका वाचकाच्या नंबरवरून व्हिडिओ आला. तीस सेकंदांचा. सोबत एक ओळ: माणसं तहानलेली आणि पाणी मेंढ्यांना.

तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटूनही सांगू शकते. मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणून त्यात ताडपत्री अंथरलेली आहे. टँकरच्या जाड पाइपातून खड्ड्यात पाणी पडतंय. मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर चढून पाण्याला तोंड लावताहेत. डावीकडून हंडे घेतलेल्या पाच-सहा बाया येतात. तांबडा पटका बांधलेला, घोंगडं खांद्यावर टाकलेला एक म्हातारा काठी आडवी धरून त्यांच्यासमोर उभा राहतो आणि ओरडतो, "मागं व्हा! हात नका लावू! मागं व्हा म्हणतो ना!" एक बाई पुढं रेटते, काठी तिच्या हंड्याला लागते, हंडा खाली पडतो, घरंगळतो. तिथं व्हिडिओ संपतो.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, तो खरा राग होता. आमच्या गारखेड्यातल्या घरीसुद्धा नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि बादली उचलून माझ्या पाठीत उसण भरली होती. मी आमच्या संपादकांना व्हिडिओ दाखवला. ते खुर्चीवर पुढं सरकले.

"कुठला आहे?"

"वाळूजच्या पुढचा, म्हणतोय. नवीन प्लॉटिंग आहे तिकडं."

"डाल दे फिर. थांबू नको. दुसऱ्यांकडं जायच्या आत लागली पाहिजे."

"त्या माणसाशी बोलायला पाहिजे ना, सर. नाही तर टँकरवाल्याशी तरी."

"नंबर आहे?"

टँकरच्या पाठीवर नंबर रंगवलेला होता. व्हिडिओ थांबवून तो मी वाचला आणि लावला. चार वेळा रिंग वाजली, कुणी उचलला नाही. तेवढ्यात संपादक दारातून म्हणाले, "झालं का?" मी फोन ठेवला. मग मी बातमीच्या शेवटी ते वाक्य लिहिलं, जे आमच्या धंद्यात रोज कुणी ना कुणी लिहितं: संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही. चार रिंगांचं मी असं वाक्य केलं, की वाचणाऱ्याला वाटावं, या बाईनं दिवसभर माणसाचा शोध घेतला असेल.

मथळा होता: टँकरचं पाणी मेंढ्यांना पाजलं, महिलांना काठीनं हुसकावलं. खाली सहा ओळी. त्या सहा ओळी मी नंतर कितीदा तरी तपासल्या. पाणी टँकरचं होतं, मेंढ्यांनी ते प्यायलं होतं, बायांना मागं सारलं होतं. खोटं म्हणून बोट ठेवावं असं वाक्य मला कधी सापडलं नाही. म्हणूनच तर ती बातमी इतकी सहज लिहून झाली, आणि नंतर तिला चूक म्हणून पकडायला मला कुठंच मूठ सापडली नाही.

आकडा दहा मिनिटांत हिरवा झाला. संपादकांनी सगळ्यांसाठी थंडगार मठ्ठा मागवला. "एक नंबर," ते मला म्हणाले. पडद्यावरचा आकडा धावत होता आणि मी मठ्ठा पीत त्याच्याकडं बघत होते, आणि मला आनंद होत होता. लाज वाटण्यासारख्या गोष्टी त्या दिवसांत पुष्कळ घडल्या, पण रात्री अंथरुणात आजही मला आधी आठवतो तो मठ्ठा. त्यात कोथिंबीर होती, किंचित आलं होतं, आणि तो फार छान लागला होता.

खाली लोक लिहायला लागले होते. याला झाडाला बांधा. मेंढ्या जप्त करा. हे लोक शहरात येतातच कशाला. एकानं त्याच्या जातीवरून लिहिलं, त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी पत्ता विचारला. कुणी पत्ता दिला. ते सगळं मी वाचत होते. आमच्याच पानावर होतं ते. काढून टाकायचं बटण माझ्याच हाताखाली होतं. पण लोक भांडत राहिले की पानावर थांबतात, आणि थांबले की आकडा वाढतो, हे मला ठाऊक होतं. मी एकही ओळ काढली नाही.

आता विचार करते तेव्हा वाटतं, दुष्काळात माणसाला रागवायला कुणीतरी समोर लागतं. ढगाची कॉलर धरता येत नाही. धरण आटलं तर धरणाला जाब विचारता येत नाही. पाण्याच्या योजना कागदावर कुठं अडल्या, ते शोधायला महिने लागतात, आणि शोधून जे लिहावं ते कुणी वाचत नाही. अशा वेळी काठी घेतलेला एक म्हातारा समोर येतो. त्याचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. सगळ्या शहराचा दोन वर्षांचा राग त्याच्यावर जाऊन पडतो. मी फक्त तो म्हातारा सगळ्यांसमोर नेऊन उभा केला.

संध्याकाळी घरी गेले तर अण्णा, माझे वडील, फोनवर तीच बातमी वाचत बसले होते. अण्णा तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबासमोर प्रकरणं वाचून ठेवणारे कारकून. पस्तीस वर्षं त्यांनी बांधाची, वाटेची, विहिरीची भांडणं कागदावर पाहिली होती. प्रकरणाच्या फायलीला ते अजूनही मिसल म्हणायचे. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी विचारलं, "या म्हाताऱ्याचा जबाब कुठं आहे?"

"अण्णा, व्हिडिओ आहे. दिसतंय ना सगळं."

"दिसतंय ते दिसतंय. पण तो काय म्हणतो? दोन्हीकडचे जबाब असल्याशिवाय मिसल पुढं सरकत नसे आमच्याकडं."

"तुमच्या मिसलीला वीस-वीस वर्षं लागायची. आमच्याकडं वीस मिनिटं असतात."

ते फोन उपडा ठेवून उठले आणि कूलरमध्ये पाणी घालायला गेले. घरात थोडंच पाणी उरलं होतं, म्हणून अर्धाच तांब्या घातला. मी त्यांच्या पाठीकडं बघून मनात म्हटलं, यांना काय कळतंय.

पाचव्या दिवशी ऑफिसच्या फोनवर एका बाईचा फोन आला. वंदना तिचं नाव. नवरा वाळूजला एका कारखान्यात, घर त्याच नव्या वस्तीत. ती रडवेली होती आणि संतापलेलीही.

"मॅडम, तो व्हिडिओ माझाय. तुम्ही अर्धाच लावला की! निम्मासुद्धा नाही!"

तिनं तो आपल्या फोनच्या स्टेटसवर ठेवला होता. स्टेटसवर मोठा व्हिडिओ ठेवला की त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पडतात. तिच्या व्हिडिओचे तीन तुकडे पडले होते. कुणीतरी त्यातला मधला तेवढा उतरवून घेतला आणि पुढं पाठवला. तो फिरत फिरत माझ्याकडं आला.

"पहिला आणि तिसरा पाठवते तुम्हाला," वंदना म्हणाली. "बघा आणि सांगा मला, काय केलंत ते."

मी ते डेस्कवर बसून पाहिले. पहिल्या तुकड्यात तोच म्हातारा काठी काखेत धरून हात जोडून उभा आहे. म्हणतोय, "बायांनो, ऐका माझं. हे खदानीचं पाणी हाय, मेंढरांपुरतं आणलेलं. हिरवं हाय, किडे हायेत त्यात. जनावराला चालतंय, माणसानं प्यायचं नाय. मागल्या हप्त्यात पोरं आजारी पडली ना तुमची? मग? प्यायच्या पाण्याचा टँकर मागून येतोय, डायवर मला सांगून गेलाय. तवर दम धरा." बाया कुरकुरताहेत. कुणीतरी म्हणतं, "भांड्यांना तरी घेऊ द्या बाबा." तो म्हणतो, "भांड्यांना म्हणून नेता अन् पोरं पितेत. नाय म्हणजे नाय."

मग मधला तुकडा, जो सगळ्या जगानं पाहिला.

आणि तिसरा. लांबून दुसरा टँकर येतोय. म्हातारा मेंढ्या हाकून बाजूला घेतो. मघाशी पडलेला हंडा धुळीतून उचलतो, आपल्या कमरेच्या बाटलीतल्या पाण्यानं तो विसळतो, पटक्याच्या शेवटानं पुसतो आणि नेऊन टँकरखाली पहिला लावतो. ज्या बाईचा तो हंडा, ती तोंडाला पदर लावून हसतेय. "जोरात लागली का गं माय?" असं काहीसं तो विचारतो. वाऱ्यामुळं नीट ऐकू येत नाही.

मी हेडफोन काढला. वंदना फोनवरच होती.

"आता कुठं आहेत ते?" मी विचारलं.

"गेले. घालवलं त्यांना. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दहा-बारा जण गाड्यांवर आले. आमच्या वस्तीतला एकही नव्हता त्यात. त्यांची ताडपत्री ओढून काढली, पाणी सांडून दिलं. आम्ही बाया मधी पडलो, तर आम्हालाच म्हणे, ताई, तुमच्यासाठीच चाललंय हे." मग म्हणाली, "आणि टँकर बंद झालाय, मॅडम. दोन्ही. चौकशी लागंल म्हणून मालक घाबरला. तीन दिवस झाले, प्यायला पाणी नाही आम्हाला."

मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले आणि तिन्ही तुकडे त्यांना दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मग खुर्चीत मागं रेलले.

"मोठी दुरुस्ती टाकली तर आपणच खोटे पडतो. मथळा बदल, वर 'अपडेट' लिही."

"आणि छापील अंकात?"

"आत कुठं तरी चार ओळी बसव."

मी वाद घातला नाही. चार ओळी बसवल्या. 'सदर व्हिडिओचा संपूर्ण भाग समोर आला असून संबंधित मेंढपाळाने महिलांना दूषित पाण्यापासून रोखल्याचे स्पष्ट झाले आहे. गैरसमज झाल्यास दिलगीर आहोत.' तो 'झाल्यास' शब्द माझा. कुणी सांगितला नव्हता, सवयीनं हात वळला. गैरसमज झाला होता. माणसाला हाकलून दिलं होतं, टँकर बंद पडला होता, आणि मी लिहीत होते, झाल्यास.

ती दुरुस्ती किती लोकांनी वाचली, ते पडद्यावर दिसत होतं. आकडा हिरवा झाला नाही. जुन्या मथळ्याचा फोटो मात्र कुणीतरी काढून ठेवला होता, तो फिरत राहिला. अजून फिरतो. दर उन्हाळ्यात तो मधला तुकडा कुठून तरी उगवतो, गावाचं नाव बदललेलं असतं, एकदा विदर्भातलं, एकदा पार कर्नाटकातलं. खाली तेच शब्द असतात. दोन वेळा मी त्याखाली खरं काय ते लिहिलं. एकानं उत्तर दिलं, तुम्हाला किती पैसे मिळाले?

वंदनानं त्यांचं गाव सांगितलं होतं. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला एक तांड्याएवढी लहान वस्ती. जायला मला तीन आठवडे लागले. सुट्टी मिळत नव्हती, असं मी वंदनाला सांगितलं. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. एका रविवारी एसटीनं कन्नडला उतरले, तिथून जीपनं फाट्यावर, फाट्यावरून चालत. वाटेत विहिरी दिसल्या, सगळ्यांचे तळ उघडे. पळस केव्हाच झडून गेलेला. उन्हात डोंगराच्या कडा पांढऱ्या दिसत होत्या.

दगडूबा घराच्या सावलीला लोकर पिंजत बसला होता. व्हिडिओतल्यापेक्षा लहानखुरा. त्याची बायको कौसाबाई, तिनं आधी पाणी आणून दिलं आणि मग विचारलं, कोण तुम्ही. मी सांगितलं. ती बातमी मी लिहिली, असं सांगितलं. कौसाबाईचा हात तसाच तांब्याच्या वर अधांतरी राहिला. म्हाताऱ्यानं लोकर खाली ठेवली.

"तुम्ही तिथं व्हता का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, बायांत असाल कुठं तरी. मला दिसला नसाल." मग म्हणाला, "म्हंजी नव्हताच तिथं."

मी मान हलवली. त्याच्या आवाजात चीड नव्हती. एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसा तो विचारत होता, आणि त्यामुळं मला उत्तर देणं आणखी जड जात होतं.

मग त्यानं सांगितलं. "ते आले अन् मला फोन दाखवला. फोनात मीच. म्हणले, हे कोण? म्हणलं, मीच की. म्हणले, काठी कोणाची? म्हणलं, माझीच. मग काय बोलणार म्या? समदं माझंच व्हतं." त्यानं तळहात गुडघ्यावर पालथे टाकले. "भर दुपारी निघालो. डांबर तापलेलं. मेंढ्यांनी सकाळपून पाणी घेतलेलं नाय. वाटेत कुठं हौद दिसला की लोक म्हणायचे, हाच तो, व्हिडिओतला. कोणी पाणी पाजू देईना. खुलताबादच्या अलीकडं गाभण्या मेंढ्या बसायला लागल्या. सात गेल्या. एकीचं कोकरू पोटात हालत व्हतं, हात लावला तर कळत व्हतं."

कौसाबाई म्हणाली, "बाजाराला जात नाय आता. चाळीस साल कन्नडचा बाजार चुकला नव्हता यांचा. आता मी जाते. यांना बघितलं की लोक म्हणतेत, पाणीवाले आले, हंडे लपवा."

"गंमत करतेत," दगडूबा म्हणाला.

"गंमत!" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी पर्समधून कात्रण काढलं. दुरुस्ती छापली आहे, म्हटलं, वाचून दाखवते. आजूबाजूच्या दोन-तीन बाया, एक म्हातारा असे जमले होते. मी वाचायला सुरुवात केली आणि संपलंसुद्धा. सगळे माझ्याकडं बघत राहिले, मी पुढं वाचीन म्हणून. कौसाबाई दारात येऊन उभी होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी कात्रणाची घडी घातली. तिच्यापुढं धरावी की परत ठेवावी, मला कळेना.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी पुन्हा गेले. या वेळी सुट्टी मागितली. दगडूबाला म्हटलं, तुम्ही चला माझ्याबरोबर, मी सगळ्यांना सांगते. तो नाही म्हणाला. कौसाबाई आली. मेंढ्यांच्या बाजारात मी व्यापाऱ्यांना, चहावाल्याला, दावणीची दोरखंडं विकणाऱ्याला थांबवून सांगत होते की ती बातमी माझी, ती अर्धी होती, या माणसानं पोरांना आजारातून वाचवलं.

एक व्यापारी ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणता ते असंल. पण आम्ही डोळ्यानं बघितलंय ना."

मी माझा फोन त्याच्या हातात दिला. तिन्ही तुकडे जोडून ठेवले होते. दीड मिनिट. तो बघायला लागला. हात जोडलेला दगडूबा पडद्यावर बोलत होता. इतक्यात गिऱ्हाईक आलं, बोकडाचे दात बघायला लागलं. व्यापाऱ्यानं फोन मला परत दिला. "पाठवून ठेवा," म्हणाला. "बघतो सवडीनं."

कौसाबाई माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाली, "चला आता. बास झालं. ऊन लागंल तुम्हाला." परत स्टँडापर्यंत ती माझ्यासोबत चालत आली. माझी दया येऊन ती मला तिथून घेऊन जात होती, हे मला एसटीत बसल्यावर कळलं.

वर्तमानपत्र मी नंतर दोन वर्षांनी सोडलं. लगेच सोडलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आता एका शाळेत मराठी शिकवते. मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न देते तेव्हा सांगते, उतारा पूर्ण वाचा. मुलं मान डोलावतात आणि प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवून काढतात. त्यांना रागवायला जाते आणि तोंडातल्या तोंडात राहतं.

दगडूबा पुढच्या उन्हाळ्यात खाली उतरला नाही. निम्मी मेंढरं त्यानं विकली आणि उरलेली डोंगरातच फिरवली. हे मला त्यानंच सांगितलं. एका सकाळी माझ्या फोनवर अनोळखी नंबर दिसला. त्या दिवशी त्याच्या घरी मी माझा नंबर एका कागदावर लिहून ठेवला होता. त्यानं तो वर्षभर सांभाळला होता.

"ताई, म्या दगडूबा. कन्नडहून." फोनवर बोलायची सवय नसल्यासारखा तो ओरडून बोलत होता. "काय नाय, सहज केला. तुमच्याकडं पाणी येतंय का?"

"येतं. आठ दिवसांनी, कधी दहा."

"दहा? अन् प्यायला?"

"विकत आणतो. चालतं."

"काय चालतंय! इथं डोंगरात झिरप हाय अजून, गोड पाणी. जीप रोज जाती औरंगाबादला, डायवर आपलाच हाय. दोन कॅन देतो पाठवून."

"नको, बाबा. खरंच नको."

"लाजता कशापायी? पाण्याला कोणी लाजतंय व्हय?" तो म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला.

दुपारी ड्रायव्हरनं फोन करून बोलावलं, तर बस स्टँडाबाहेर जीप थांबली होती. ड्रायव्हरनं टपावरून दोन कॅन उतरवून दिले. ओल्या पोत्यात गुंडाळलेले, वरून सुतळीनं बांधलेले. मी ते स्कूटीवर पायाशी ठेवून घरी आणले. जिना चढताना मधे दोनदा थांबले.

अण्णांनी पोतं सोडवलं. "कुणी पाठवलं?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते आठवायला एक क्षण लागला. आठवल्यावर ते उठले. आत जाऊन एक पेला घासून आणला, कॅन तिरका करून जपून भरला, एक थेंब खाली पडू दिला नाही, आणि तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

पाणी गार होतं आणि खरोखरच गोड होतं. दोन घोट घेतले आणि थांबले. अण्णा समोर उभे होते. मी पेला दोन्ही हातांत धरून तशीच बसून राहिले.